घरची मधपेटी: किती काढावे, किती ठेवावे



दिवाळीनंतरच्या एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आपल्याच धर्मग्रामातला एक शेतकरी पिशवीतून तीन बाटल्या घेऊन आमच्याकडे आला. बाटल्या मधाच्या होत्या. एकीचे बूच आपोआप उडाले होते, दुसरीच्या तोंडाशी फेस आला होता, आणि तिसरी उघडताच शिंदीसारखा आंबूस वास सुटला. त्याने पोळा आणि दसरा यांच्या दरम्यान बांधावरच्या झाडाच्या ढोलीतले मोहोळ काढले, हाताने पिळले, फडक्याने गाळले आणि आदिलाबादच्या बाजारात दहा बाटल्या विकल्या. महिन्याभरात त्यांतल्या तीन परत आल्या.

"फादर, मी थेंबभर साखर घातली नाही. पण लोक म्हणतात, तू गुळाचा पाक विकलास. आता पुन्हा बाजारात कोणत्या तोंडाने बसू?"

तो खरे बोलत होता. मध अस्सल होता, तरीही तो खराब झाला. असे का झाले हे त्याला ठाऊक नव्हते, आणि गिऱ्हाइकालाही नव्हते. तीन बाटल्यांचे पैसे गेले याचे दुःख थोडे. माणसाचा शब्द गेला याचे दुःख मोठे. तेव्हापासून अनेक घरांनी आम्हांला मधपेटीविषयी विचारले आहे. त्या सर्वांसाठी हा लेख.

मध कसा पिकतो?

फुलात जो गोड रस असतो त्याला मकरंद म्हणतात. तो मध नव्हे. त्यात निम्म्याहून अधिक पाणीच असते. कामकरी माशी तो पोटातील पिशवीत घेऊन घरी येते आणि दुसऱ्या माशीच्या तोंडात देते. या देवघेवीत माशीच्या लाळेतील पाचक रस त्यात मिसळतात. मग तो रस पोळ्याच्या घरात पसरून ठेवतात आणि रात्रभर पंखांनी वारा घालून त्यातले पाणी उडवतात. पाणी पुरेसे उडाले म्हणजे त्या घरावर मेणाचे पातळ झाकण बसवतात. झाकण बसले की मध पिकला असे समजावे.

पिकलेल्या मधात पाण्याचा अंश शंभरात वीसच्या आत असावा. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांतही हीच मर्यादा आहे. पाणी त्याहून जास्त राहिले तर मधात मुळातच असलेले किण्व जागे होते, साखर आंबते, वायू सुटतो आणि बूच उडते. पावसाळ्यात व पावसाळा संपता संपता हवा दमट असते, त्यामुळे माशांना पाणी उडवणे कठीण जाते. आमच्या शेतकरी बंधूने नेमका त्याच दिवसांत, झाकण न बसलेला मध काढला. भर म्हणून पिळताना अळ्या आणि परागही त्यात उतरले. मध आंबला यात नवल नाही.

येथे एक शब्द नीट समजून घेतला पाहिजे. शहरातले गिऱ्हाईक हल्ली 'कच्चा मध' मागते. त्याला न तापवलेला मध हवा असतो. आपण मात्र कच्चा म्हणजे न पिकलेला असे समजतो. पहिला कच्चा मध चांगला; दुसरा कच्चा मध आंबणारा. तापवू नये हे खरे, पण पिकण्याआधी काढूही नये.

कोणती माशी पाळता येते?

आपल्या भागात मधमाश्यांचे तीन मुख्य प्रकार दिसतात. उंच झाडाला किंवा कड्याला एकच मोठे पोळे लावते ती आग्या. ती उघड्यावर राहते, ऋतूप्रमाणे स्थलांतर करते आणि पेटीत राहत नाही. झुडपात तळहाताएवढे पोळे करते ती लहान फुलोरी माशी. तिचा मध थोडा, आणि तीही पेटीत नांदत नाही. तिसरी सातेरी. हिला कोठे सातपुडी असेही म्हणतात, कारण ती झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत किंवा वारुळात एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. अंधारात राहण्याची सवय असल्यामुळे हीच आपल्या पेटीत राहते.

चौथी इटालियन माशी. ती १९६२ साली आजच्या हिमाचल प्रदेशातील नगरोटा येथे यशस्वीपणे आणली गेली आणि उत्तर भारतात पसरली. तिच्यापासून मध पुष्कळ मिळतो. पण त्यासाठी पेट्या ट्रकमध्ये घालून फुलोऱ्यामागे गावोगाव हिंडावे लागते, आणि फुले नसताना साखरेचा मोठा खर्च करावा लागतो. ज्याचा तो पूर्ण वेळचा धंदा आहे त्याला तो परवडतो. दहा एकर कपाशी-सोयाबीन सांभाळून, दारात दोन पेट्या ठेवणाऱ्या कुटुंबाने सातेरीनेच सुरुवात करावी असे आमचे मत आहे.

अपेक्षा मात्र माफक असावी. सातेरीच्या एका चांगल्या वसाहतीपासून वर्षाला चार-पाच किलो मध मिळाला तर आनंद मानावा. कोरड्या किंवा अतिवृष्टीच्या वर्षी काहीच मिळत नाही. समजा, दोन पेट्यांचा मिळून आठ किलो मध निघाला आणि किलोला पाचशे रुपये भाव आला, तर चार हजार रुपये झाले. एवढ्यावर घर चालत नाही. मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय होते. म्हणून कर्ज काढून एकदम वीस पेट्या आणण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला हात जोडावेत.

चौकटीची पेटी

पूर्वी मध काढायचा म्हणजे पोळे फोडायचे, अशीच रीत होती. १८५१ साली अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ नावाच्या प्रॉटेस्टंट पाळकाच्या ध्यानात आले की दोन पोळ्यांमध्ये माशी ठरावीक अंतर मोकळे ठेवते, आणि ते अंतर राखले तर ती चौकटी एकमेकींना चिकटवून टाकत नाही. त्यातून सुट्या चौकटींची पेटी निघाली. चौकट उचलावी, पाहावी, परत ठेवावी. पोळे मोडण्याचे कारण उरले नाही. पण ती पेटी मोठ्या युरोपियन माशीच्या मापाची होती. आपल्या लहान सातेरीच्या मापाची पेटी तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातील फादर न्यूटन यांनी १९१० च्या सुमारास तयार केली आणि आसपासच्या लोकांना शिकवली. आजही दक्षिणेत तिला न्यूटन पेटी म्हणतात. एका धर्मगुरूने कॉलेज सांभाळून हे काम केले, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

पेटीचे दोन मजले असतात. खालच्या मजल्यात राणी अंडी घालते, पिल्ले वाढतात आणि कुटुंबाच्या खाण्यापुरता मध साठतो. फुलोरा भरात आला म्हणजे वर दुसरा, कमी उंचीचा मजला चढवतात. त्यात जो जादा मध साठतो तोच आपला. खालच्या मजल्यातला मध माशांचा. हा एक नियम पाळला तर मधमाशीपालनाचे निम्मे शास्त्र हाती आले.

आमची चूक

हा नियम आम्ही पुस्तकात वाचला होता, तरी पहिल्या वर्षी तो मोडला. चर्चमागच्या कडुनिंबाखाली आम्ही दोन पेट्या ठेवल्या होत्या. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यातून तीन किलो मध निघाला. पाहुणे आले, प्रत्येकाला बाटली द्यावीशी वाटली, म्हणून मे महिन्यात खालच्या मजल्यातील दोन चौकटींचाही मध काढला. जूनअखेर पावसाची झड लागली. आठ दिवस माशी बाहेर पडू शकली नाही. नवव्या दिवशी पेटी उघडली तर एका पेटीत मूठभर मेलेल्या माश्या आणि मेणकिड्याची जाळी. दुसरीतली वसाहत घर सोडून गेली होती. दोन बाटल्यांसाठी आम्ही दोन कुटुंबे घालवली. तेव्हापासून खालच्या मजल्याला आम्ही हात लावलेला नाही.

आपल्या भागातले माशीचे वर्ष

आदिलाबादचा उन्हाळा कडक, थंडीही बोचरी आणि पावसाळा झडीचा. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर हवामान व पिके सारखीच, म्हणून किनवट, राजुऱ्याकडील नातेवाइकांनाही पुढील वेळापत्रक उपयोगी पडेल.

जून ते सप्टेंबर: हा उपासमारीचा काळ. सागाला फुले असतात, ज्वारी-मक्याचा पराग मिळतो, पण झडीत माशी बाहेर जाऊ शकत नाही. चौकटीत मध दिसत नसेल तर साखर व पाणी समभाग घेऊन पाक करावा आणि तो सायंकाळी वाटीतून पेटीच्या आत ठेवावा. वाटीत काड्या टाकाव्यात, म्हणजे माश्या बुडत नाहीत. पाक बाहेर सांडू देऊ नये. वास लागला की दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. आठवड्यातून एकदा तळपाट झाडून घ्यावा, कारण मेणकिडा तेथील कचऱ्यातच वाढतो.

ऑक्टोबर ते डिसेंबर: तीळ, कारळे, कपाशी, बोर, बाभूळ आणि नंतर तूर. या दिवसांत कुटुंब वाढते. मध काढण्याची घाई करू नये, वाढू द्यावे. नवीन वसाहत पकडायला हाच काळ बरा.

जानेवारी ते एप्रिल: करडई, धने, मोहरी, शेवगा; मग पळस, करंज, कडुनिंब, जांभूळ. हवा कोरडी असते, मध लवकर पिकतो. मध काढायचा तो याच दिवसांत.

मे: पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. पेटी दाट सावलीत असावी, छपरावर ओले पोते टाकावे आणि जवळ पसरट भांड्यात खडे घालून पाणी ठेवावे. मेण उष्णतेने मऊ पडून पोळी कोसळली तर वसाहत टिकत नाही.

पेटी जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच घोडीवर ठेवावी आणि घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करावेत, म्हणजे मुंग्या-मुंगळे चढत नाहीत. दार पूर्वेकडे असावे. मुलांच्या वाटेवर किंवा बैलांच्या गोठ्यापाशी पेटी ठेवू नये.

वसाहत कोठून आणावी? ढोलीतील सातेरीची पोळी कापून, केळीच्या सोपटाने चौकटीला बांधून ती पेटीत बसवतात. राणी पेटीत आली की कामकरी माश्या मागोमाग येतात. पण हे काम एकदा जाणकाराच्या हाताखाली केल्याशिवाय करू नये. आदिलाबादच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. केंद्र सरकारचे राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियान २०२०-२१ पासून आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची मध मोहीम २०१७ पासून चालली आहे. त्यांतून प्रशिक्षण व पेट्यांसाठी साहाय्य दिले जाते. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची योजना व अटी कार्यालयात विचारून घ्याव्यात.

दुसऱ्यांचे उदाहरण

एका गावाने मनावर घेतले तर काय होते हे पाहायचे असल्यास महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाकडे पाहावे. महाराष्ट्र खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे आणि त्या डोंगरात कित्येक दशकांपासून सातेरी पेटीत पाळली जाते. मांघरमधील बहुतेक घरे या कामात आहेत. मे २०२२ मध्ये मांघर हे देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगावही त्या वाटेने गेले. तेथील जांभूळ-हिरड्याचे रान आपल्याकडे त्या प्रमाणात नाही, हे ध्यानात ठेवावे. त्यांचे उत्पन्न आपल्या पेटीकडून मागू नये. पण घरोघरी दोन-चार पेट्या, सर्वांचा मध एका ठिकाणी तपासून भरणे आणि गावाच्या नावाने विकणे, हे आपल्यालाही करता येण्यासारखे आहे.

आग्या मोहोळाविषयी दुसरे उदाहरण आपल्याला जवळचे, वर्ध्याचे. आपल्या डोंगरांतील गोंड आणि कोलाम बांधव पिढ्यान्‌पिढ्या आग्याचा मध काढत आले आहेत. पण पलिते लावून रात्री मोहोळ जाळण्याच्या रीतीने हजारो माश्या मरतात, आणि कधी रानालाही आग लागते. वर्ध्याचे डॉ. गोपाल पालीवाल यांनी मध काढणाऱ्यांना वेगळी रीत शिकवली. अंगभर संरक्षक पोशाख घालावा, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापावा आणि अळ्यांचा भाग फांदीवर तसाच ठेवावा. वसाहत जिवंत राहते, पोळे पुन्हा भरते आणि त्याच मोसमात त्याच फांदीवरून पुन्हा मध मिळू शकतो. शिवाय अळ्या न पिळल्यामुळे मध स्वच्छ निघतो आणि टिकतो. येथेही नियम तोच: जे त्यांचे ते त्यांच्यापाशी ठेवावे.

रानातील मध व मेण ही गौण वनोपज आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने रानावर जगणाऱ्यांना ती गोळा करण्याचा हक्क दिला आहे. गिरिजन सहकारी महामंडळ मध खरेदी करते. रानात जाणाऱ्या बांधवांनी आपला हक्क समजून घ्यावा. मात्र कवाल व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनखात्याला विचारल्याशिवाय जाऊ नये.

फवारणी

मधापेक्षा मोठा लाभ शेताला होतो, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. भोपळा, दोडका, कारले, काकडी यांची नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी असतात. पराग नेणारे कोणी नसेल तर फळ धरत नाही. कारळे आणि सूर्यफूल यांचे दाणे भरणे मोठ्या प्रमाणात माश्यांवर अवलंबून असते. सोयाबीन स्वतःचे स्वतः फळते, त्याला माशीची फारशी गरज नाही. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर पेटी ठेवली म्हणून सोयाबीन दुप्पट होईल अशी खोटी आशा लागायची.

याच माशीला आपण कपाशीवरच्या फवारणीने मारतो. औषध फुलावर पडते, माशी फुलावर बसते आणि पेटीच्या दारात मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. कीटकनाशक माणसालाही सोडत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही.

फवारणी अजिबात करू नका, असे आम्ही म्हणणार नाही. पण पुढील गोष्टी पाळता येतात. गरज नसताना, केवळ शेजाऱ्याने मारले म्हणून औषध मारू नये. फुलोऱ्यात शक्यतो टाळावे. मारायचेच तर सूर्य मावळताना, माश्या घरी परतल्यावर मारावे. दोन-तीन औषधे एकत्र करू नयेत. आदल्या दिवशी शेजारच्या पेटीवाल्याला निरोप द्यावा. तो रात्री पेटीचे दार जाळीने बंद करून दुसऱ्या दिवशी उशिरा उघडील. सातेरी सामान्यतः एक-दीड किलोमीटरच्या आतच चरते. तेव्हा आपली पेटी वाचवायची तर आसपासच्या दहा-वीस शेतकऱ्यांशी बोललेच पाहिजे. एका घराने पेटी ठेवली तरी ती गावाच्या भरवशावरच जगते.

मध काढणे

१. वरच्या मजल्यातील चौकट पाहावी. चार हिश्श्यांपैकी तीन हिश्श्यांवर मेणाचे झाकण असेल तरच ती काढावी. नसेल तर आठवडाभर थांबावे.

२. कोरड्या, स्वच्छ दिवशी काढावे. धुराड्याने हलका धूर द्यावा. त्यात रबर किंवा प्लॅस्टिक जाळू नये.

३. सुरीने झाकणे खरवडून चौकटी मध काढण्याच्या यंत्रात घालून फिरवाव्यात. मध बाहेर येतो आणि पोळे शाबूत राहते. यंत्र प्रत्येक घराने घेण्याची गरज नाही. पाच-सहा घरांत मिळून एक पुरे.

४. मध कोरड्या मलमलीतून गाळून स्टीलच्या भांड्यात दोन दिवस झाकून ठेवावा. फेस व मेण वर येते, ते काढून टाकावे. पितळ किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवू नये.

५. धुऊन उन्हात पूर्ण वाळवलेल्या काचेच्या बरण्यांत भरावा. बरणीत पाण्याचा थेंबही नसावा.

६. पावसाळ्यात साखरेचा पाक दिला असेल तर त्यापासून साठलेला माल मध म्हणून काढू नये. ती भेसळच होय, जरी ती माशीने केली असली तरी.

खरवडलेले मेण टाकू नये. गरम पाण्यात वितळवून, गाळून त्याची वडी करावी. वेदीवरच्या मेणबत्त्यांसाठी चर्चने शतकानुशतके हेच मेण वापरले आहे. चर्चमध्ये आणून दिल्यास आम्ही आनंदाने घेऊ.

विक्री

मध वजनाने विकावा, बाटलीने नव्हे. मध पाण्यापेक्षा जड असतो. एका लिटरच्या भांड्यात सुमारे १ किलो ४०० ग्रॅम मध बसतो. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या बाटलीत किलोभर मध मावतो. बाटलीला भाव सांगणारा विक्रेता कधी स्वतः फसतो, कधी गिऱ्हाइकाला फसवतो. तराजू ठेवला की वाद मिटतो.

बरणीवर चिठ्ठी लावावी. गावाचे नाव, आपले नाव, काढल्याचा महिना, त्या वेळी कोणती फुले होती आणि निव्वळ वजन लिहावे. दुकानातून विकायचे असेल तर अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी करून घ्यावी.

गिऱ्हाईक परीक्षा घेईल. पाण्यात थेंब टाकील, काडेपेटीची काडी भिजवून पेटवील, कुत्रा खातो का पाहील. या परीक्षांनी दाट पाक आणि मध यांतला भेद कळत नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने तपासलेल्या १३ नामांकित ब्रँडांपैकी बहुतेकांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचे जाहीर केले. कंपन्यांनी ते नाकारले. पण परदेशातील प्रयोगशाळेची प्रगत चाचणी केल्याशिवाय अशी भेसळ सापडत नाही, एवढे त्यातून सर्वांना कळले. मग घरच्या मधाची खात्री कशी पटवायची? पेटी दाखवून. गिऱ्हाइकाला म्हणावे, या आणि पाहा.

थंडीत मध गोठून रवाळ होतो. लोक म्हणतात, खाली साखर बसली. ते खरे नव्हे. मधातल्या द्राक्षशर्करेचे ते कण असतात, आणि करडई-मोहरीच्या मधात ते लवकर होतात. बरणी कोमट पाण्यात ठेवली की मध पातळ होतो. विकतानाच हे सांगून ठेवावे, म्हणजे बरणी परत येणार नाही.

प्रकृतीविषयी

हा भाग आयाबायांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. आपल्याकडे बाळ जन्मले की आजीबाई त्याला मधाचे बोट चाटवतात, बाळगुटी मधात उगाळतात. प्रेमानेच करतात. पण बारा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला मध मुळीच देऊ नये. मधात कधी कधी एका जंतूची बीजे असतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत. तान्ह्याच्या आतड्यात मात्र ती रुजतात आणि विष तयार करतात. बाळाला शौचास होत नाही, रडणे क्षीण होते, दूध ओढता येत नाही, मान लुळी पडते. अशी लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा. मध घरी उकळून ही बीजे मरत नाहीत, आणि मध अस्सल आहे म्हणून धोका कमी होत नाही. मध विकताना तान्ह्या बाळाच्या घरी हे सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे.

वर्षावरील मुलाला रात्रीच्या खोकल्यावर अर्धा चमचा मध दिल्याने आराम पडतो. ताप किंवा धाप असेल तर मधावर विसंबू नये. मधुमेह्याने मध साखरेइतकाच जपून घ्यावा. भाजलेल्या जागी घरचा मध लावू नये. दवाखान्यात वापरतात तो निर्जंतुक केलेला असतो.

माशी चावली तर काटा नखाने चटकन खरवडून काढावा आणि गार पाण्याची पट्टी ठेवावी. ओठ-जीभ सुजली, श्वास कोंडला, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली किंवा पुष्कळ माश्या एकदम चावल्या तर वाट न पाहता १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. ज्याला पूर्वी असा त्रास झाला आहे त्याने पेटीजवळ जाऊ नये.

शेवटी

तो शेतकरी त्या तीन बाटल्या घेऊन आला तेव्हा आम्ही त्याला एवढेच सुचवले की तिघांचेही पैसे परत करावेत आणि काय चुकले ते त्यांना सांगावे. त्याने तसे केले. मग त्याने बांधावरची दुसरी ढोली न फोडता त्या वसाहतीसाठी पेटी करून घेतली. कडुनिंबाचा फुलोरा सरता सरता वरच्या मजल्यात झाकण बसलेल्या चार चौकटी मिळाल्या. मध फार नव्हता. अडीच किलोच्या आसपास भरला. खालच्या मजल्याला त्याने हात लावला नाही. पहिली बरणी त्याने त्याच गिऱ्हाइकाकडे नेली, ज्याने त्याला पाकवाला म्हटले होते. त्या गृहस्थाने ती विकत घेतली आणि पुढच्या वर्षीची एक सांगून ठेवली.

ज्यांना पेटी ठेवण्याची इच्छा आहे त्यांनी येत्या रविवारी मिस्सानंतर थांबावे. आमची पेटी उघडून दाखवू. पांढरे किंवा फिकट रंगाचे कपडे घालून यावे, आणि केसांना वासाचे तेल लावून येऊ नये.